टेबलावरचा दुसरा कप

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, शाळेच्या मुख्याध्यापिका, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, कार्यालयातली मंडळी, बसचे चालकदादा आणि बसमधल्या मावशी, आणि आपापली कामं टाकून आज इथे आलेले माझ्या मुलांचे आईवडील, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायची पद्धत आहे म्हणून उभी राहिले आहे. एरवी मला माइकची सवय नाही. आमच्या वर्गात आवाज चढवून चालत नाही, उलट खाली आणावा लागतो. त्यामुळे मागच्या रांगेत ऐकू येत नसेल तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन. पुन्हा पुन्हा सांगण्यातच माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा मला त्याचा कंटाळा नाही.

मघापासून माझ्याबद्दल जे काही बोललं जात होतं, ते मी फार लक्ष देऊन ऐकलं. मी शांत आहे, प्रेमळ आहे, सदैव हसतमुख आहे, असं मला आज पहिल्यांदाच कळलं. हे सांगितलं जात असताना आमच्या धाकट्या बाई मान खाली घालून हसत होत्या, ते इथून दिसत होतं. पाहुण्यांसाठी सांगते, शाळेत मला थोरल्या बाई म्हणतात आणि त्यांना धाकट्या बाई. माझ्या हाताखाली त्या तयार झाल्या आणि माझी बोलणीही सर्वांत जास्त त्यांनीच खाल्ली. उद्यापासून माझा वर्ग त्यांचा. त्यामुळे आज त्यांना हसायचा अधिकार आहे.

पण सगळ्या भाषणांत एक वाक्य मात्र सारखं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकांच्या वतीने बोललेले गृहस्थ म्हणाले, आणि अध्यक्षसाहेबांनी तर फार सुंदर शब्दांत सांगितलं, की बाई, या शाळेचं दार तुम्हाला कायम उघडं आहे, अधूनमधून येत जा. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. आणि तरीही, मंडळी, मला आज इथे सगळ्यांदेखत सांगायचं आहे की मी येणार नाही. निदान मुलं शाळेत असतील त्या वेळेत तरी नाही. मी कुणावर रुसलेली नाही. कारण सांगायला जरा वेळ लागेल, तेवढा मला द्या. मागे चहाची तयारी चाललेली दिसते आहे, पण अजून वाफ दिसत नाही, म्हणजे आपल्याकडे वेळ आहे.

इथे काही पाहुणे असे आहेत की जे आमच्या शाळेत पहिल्यांदाच आले आहेत. त्यांना आमची मुलं आज दिसणार नाहीत. एवढी गर्दी, टाळ्या, माइकची किरकिर, हे त्यांना सोसत नाही, म्हणून ती दुपारीच घरी गेली. आमची मुलं स्वमग्न आहेत. त्यातली बरीचशी तोंडाने बोलत नाहीत. आपण बोललो की शब्द हवेत विरून जातो. तो पकडून, त्याचा अर्थ लावेपर्यंत आपण पुढचं वाक्य बोललेलो असतो. चित्र मात्र समोर थांबतं. मुलाला हवा तेवढा वेळ थांबतं. म्हणून आम्ही चित्रांनी शिकवतो. आता काय करायचं, नंतर काय करायचं, कुठे जायचं, कोण येणार, सगळं चित्रांत. आधी पुठ्ठ्याची कार्डं होती, ती कापून कापून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला. मग टॅब आले.

पण चित्राचं एक असतं. ते आपल्याला वाटतं तेवढं सोपं नसतं. अगदी सुरुवातीला मी बाजारातून फळांची छापील कार्डं आणली होती. एका मुलाने सफरचंदाचं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. मी धावत जाऊन ताटलीत सफरचंद घेऊन आले. त्याने ताटलीत पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि ताटली मला परत केली. पुन्हा तेच कार्ड दिलं. मी पुन्हा ताटली पुढे केली, त्याने पुन्हा परत केली. असं चाललं होतं. शेवटी माझ्या लक्षात आलं की कार्डावरचं सफरचंद लाल होतं आणि मी आणलेलं हिरवं. त्याच्या दृष्टीने मी त्याला सरळसरळ फसवत होते.

त्या दिवसापासून मी एक नियम केला, आणि तो सगळ्यांच्या डोक्यावर बसून पाळायला लावला. चित्र खरं पाहिजे. आपल्याच पेल्याचा फोटो, आपल्याच संडासाच्या दाराचा फोटो, आपल्याच बसचा फोटो. आणि चित्रात जे दाखवलं ते झालं पाहिजे. झोका दाखवला आणि झोक्यावर पाणी साचलंय म्हणून नेलं नाही, असं चालायचं नाही. नवीन शिक्षिका माझ्या नावाने बोटं मोडायच्या, ते मला माहीत आहे.

टॅबची गंमत तर अध्यक्षसाहेबांना आठवत असेलच. टॅब महागाचे, म्हणून कार्यालयाने ठरवलं की शाळा सुटली की ते कपाटात ठेवायचे आणि कुलूप लावायचं. मुलं चित्रांवर बोट ठेवायची, टॅब त्यांच्या वतीने बोलायचा, आणि शाळा सुटली की बोलणं कपाटात. मी अध्यक्षसाहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, तुम्हीही घरी जाताना तुमची जीभ कार्यालयात जमा करत जा, सकाळी सही करून परत घ्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण दुसऱ्याच दिवशी टॅब घरी न्यायची परवानगी आली. याबद्दल मी त्यांचे आभार तेव्हा मानले नव्हते, आज मानते.

आता आमच्या एका मुलीबद्दल सांगते, म्हणजे मी का येणार नाही ते कळेल. तिला शाळेत सगळे साहेब म्हणतात. मुलगी आहे, पण साहेब. कारण रोज सकाळी आली की ती सगळ्या शाळेची तपासणी करते. खुर्च्या ओळीत आहेत का, चपला जोडीने आहेत का, घड्याळं सारखी वेळ दाखवतात का. काही चुकलं असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत कुणाचंच काम सुरू होत नाही. खरं तर मुख्याध्यापिकांचं निम्मं काम तीच करते, आणि तेही फुकटात. लहान होती तेव्हा ती नुसती किंचाळायची आणि स्वतःचा हात चावायची. टॅब हातात दिला, आणि पहिला शब्द कोणता सापडला तिला? नको. दिवसभर नको. पाणी नको, खुर्ची नको, बाई नको. संध्याकाळी तिच्या आईने विचारलं, आज काय केलं हिने? म्हटलं, आज हिने मला दिवसभर झिडकारलं. आणि आम्ही दोघी फाटकात उभ्या राहून वेड्यासारख्या हसत होतो. त्या आई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

आमच्या दाराशी एक फळा आहे. त्याचे दोन भाग. एकावर शाळेचा फोटो, एकावर घराचा. मुलांचे, शिक्षकांचे, सगळ्यांचे छोटे फोटो त्यावर चिकटवलेले असतात. आलं की आपला फोटो घरातून काढून शाळेत लावायचा, जाताना परत घरात. कोण आहे आणि कोण नाही, ते मुलांना एका नजरेत कळतं.

मागे आमच्याकडे गाणं शिकवायला एक सर होते. त्यांची बदली झाली. आपण मोठी माणसं काय करतो? छान कार्यक्रम केला, फुलं दिली, आणि कुणीतरी फळ्यावरून त्यांचा फोटो काढून टाकला. शाळेतही नाही आणि घरातही नाही. मग साहेबांनी त्यांना शोधायला सुरुवात केली. कपाटं उघडून पाहिली. टेबलांखाली पाहिलं. पेटी ठेवायच्या खोलीचं दार दिवसभर उघडायची आणि लावायची. जेवायच्या वेळी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची आणि घास तोंडात घ्यायची नाही. पोर अर्धी झाली. आम्ही तिला समजावत होतो, सर गेले, सर गेले. गेले म्हणजे काय, ते तिला कुठे दिसत होतं?

तेव्हापासून आमच्याकडे ठरलं. कुणी शाळा सोडून जाणार असेल तर आधी त्याची चित्रगोष्ट टॅबवर तयार करायची. शेवटच्या पानावर तो माणूस उद्यापासून कुठे असेल, तिथला त्याचा खराखुरा फोटो. मुलांनी ती गोष्ट रोज पाहायची. आणि शेवटच्या दिवशी मुलांनीच त्याचा फोटो शाळेतून काढून घरात लावायचा. मग मुलं शोधत नाहीत. हा नियमही माझाच, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तर आता जायची पाळी माझी आली. धाकट्या बाई एका रविवारी दुपारी टॅब घेऊन माझ्या घरी आल्या, फोटो काढायला. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण त्या माझ्या घरी पहिल्यांदाच येत होत्या. दोष त्यांचा नाही. मी कधी बोलावलंच नव्हतं. कपडे धुण्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडेला एक खिडकी, खिडकीशी टेबल. आई होती तोवर ते टेबल औषधांनी भरलेलं असायचं. आता त्यावर काही नसतं. बाईंनी दाराचा फोटो काढला, खिडकीचा काढला, ओट्याचा काढला. मग मी चहा केला. आम्ही बोलत बसलो, आणि त्या म्हणाल्या, बाई, अशाच बसा, छान उजेड आलाय. तो फोटो शेवटच्या पानावर गेला. बाई घरी आहेत. बाई चहा पितात.

साहेबांनी गोष्ट पाहिली. पहिलं पान, दुसरं पान, सगळं नीट. शेवटच्या पानावर थांबल्या. फोटो बोटांनी मोठा केला, टेबलावरच्या दुसऱ्या कपावर बोट ठेवलं, मग बोलायच्या पानावर जाऊन दाबलं. कोण?

आता हे आम्हा दोघींच्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. आमच्या शाळेत प्रत्येकाच्या कपावर त्याचा फोटो चिकटवलेला असतो. कप म्हणजे माणूस. दोन कप म्हणजे दोन माणसं. मग दुसरं माणूस कोण?

धाकट्या बाईंनी खरं ते सांगितलं. म्हणाल्या, तो माझा कप. साहेबांनी विचार केला, उठल्या, फळ्याजवळ गेल्या, आणि धाकट्या बाईंचा फोटो शाळेतून काढून घरात लावला. मग त्यांची पर्स आणून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत सोडून आल्या. पुढे आठवडाभर हेच चाललं होतं. बाई वर्गात आल्या रे आल्या की पर्स हातात. आणि माझ्यानंतर याच बाईंना तो वर्ग घ्यायचा होता.

शिक्षकांच्या खोलीत बैठक भरली. एवढी गंभीर बैठक मी परीक्षेच्या काळातही पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, तो कप पाहुण्यांचा आहे असं सांगू. पण टॅबवर पाहुणे या शब्दाला फोटो आहे अध्यक्षसाहेबांचा, स्नेहसंमेलनात काढलेला. म्हणजे उद्यापासून अध्यक्षसाहेब माझ्या घरी राहायला आले असते. अध्यक्षसाहेब, मला तुमच्या घरच्यांची भीती वाटली, म्हणून मी तो ठराव फेटाळला. कार्यालयातून सुचवलं की फोटोतून तो कप पुसून टाकू, हल्ली सगळं जमतं. तेही करून पाहिलं. अगदी बेमालूम पुसला. पण साहेबांनी तो कप एकदा पाहिला होता. त्यांनी टेबलाच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि दाबलं, कोण?

मग तिची आई माझ्याकडे आली. बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, मीच येऊन बसते ना तुमच्याबरोबर फोटोत. दुसरा कप माझा."

मी म्हटलं, "अहो, मग ती तुम्हालाच माझ्या घरी धाडेल. रात्रीचं जेवण कोण वाढणार तिला?"

हसली ती. पण गेली नाही. पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, खरंच कुणी नसतं का हो तुमच्या घरी?"

मंडळी, इतकी वर्षं मी शाळेत सगळ्यांची चौकशी करत आले. कुणाचे गुडघे, कुणाच्या सासूबाई, कुणाच्या कर्जाचे हप्ते. माझी चौकशी करायची मी कुणाला संधीच दिली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, माझं काय, माझं मजेत चाललंय. आणि आता बारा-चौदा वर्षांची एक पोर टॅबवर बोट ठेवून सगळ्या शाळेदेखत रोज सकाळी विचारत होती, की बाईंच्या घरी दुसरं कोण आहे. मी तिच्या आईला सांगितलं, नाही हो, कुणी नसतं.

असं म्हटल्यावर एक प्रश्न तर सुटला. फोटो परत काढायचा. खरा काढायचा. शाळेतल्या फळीवरचा माझा स्वतःचा कप, ज्याच्यावर माझा फोटो आहे, तो मी घरी नेला. धाकट्या बाई पुन्हा आल्या. मी चहा एकाच कपाचा ठेवला. त्यांना विचारता येत नव्हतं, कारण त्यांनी घेतला असता तर दुसरा कप आला असता. त्या समोर टॅब धरून उभ्या आणि मी त्यांच्यासमोर एकटी चहा पीत बसलेली. पाहुण्याला न विचारता चहा प्यायचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. त्या काही फोटो काढेनात. म्हणाल्या, "बाई, निदान एक फुलदाणी ठेवू का टेबलावर? नाही तर रेडिओ?"

मी म्हटलं, "माझ्याकडे फुलदाणी आहे का?"

म्हणाल्या, "नाही."

"मग काढा फोटो."

त्यांनी तो काढला. नंतर आम्ही दोघींनी मिळून पाहिला. इतरांचे फोटो पाहताना आपण किती सहज बोलतो, डोळे मिटलेत, मान वाकडी आलीय. माझ्या त्या फोटोत काहीच चुकलेलं नव्हतं. मी कशी राहते, ते मला पहिल्यांदा बाहेरून दिसलं. मला फार एकटं वाटलं, मंडळी. घरात एकटं असताना जेवढं वाटत नाही, तेवढं तो फोटो पाहताना वाटलं. धाकट्या बाईंनी टॅब पर्समध्ये ठेवला आणि त्या बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिल्या.

गोष्टीला आवाज माझाच द्यायचा होता, मुलांच्या ओळखीचा म्हणून. त्यावरही आमचं थोडं वाजलं. धाकट्या बाईंनी शेवटी एक वाक्य घातलं होतं, बाई आनंदात आहेत. मी म्हटलं, हे कशावरून? मी अजून निवृत्त झालेच नाही, मला काय माहीत? त्या म्हणाल्या, मग बाई ठीक आहेत, एवढं तरी म्हणा. मी म्हणून पाहिलं. त्यांनी बटण बंद केलं आणि म्हणाल्या, बाई, आवाज हलला. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलला. शेवटी ते वाक्य आम्ही काढूनच टाकलं. बाई घरी आहेत. बाई चहा पितात. एवढं मात्र मला एका दमात म्हणता आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवीन पान पाहिलं. फोटो मोठा केला. कपावरचा माझा फोटो पाहिला. उठून फळीकडे गेल्या, माझ्या कपाची जागा रिकामी आहे याची खात्री केली, परत आल्या. टेबल पाहिलं, खुर्ची पाहिली, खिडकी पाहिली. आम्ही सगळे दाराशी गर्दी करून उभे. मग त्यांनी टॅब मिटला, फळ्याजवळ जाऊन धाकट्या बाईंचा फोटो घरातून काढून शाळेत आणून लावला, आणि स्वतःच्या खुर्चीत जाऊन मणी ओवायला बसल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या फोटोकडे कुणाला धड बघवत नव्हतं. ज्याला त्याला वाटत होतं की हा किती वाईट फोटो आहे. ती एकटीच अशी होती जिला त्यात काही वाईट दिसलं नाही. एक बाई, एक कप, हिशेब जुळला.

आज दुपारी निघायच्या आधी साहेबांनी माझा फोटो शाळेतून काढला आणि घरात लावला. कोपरे दाबून नीट चिकटवला. मी बाजूलाच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दप्तर उचललं आणि बसकडे गेली. एकदाही मागे वळली नाही. तिने मला शोधू नये म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला होता, आणि तो पुरता साधला. शिक्षिका म्हणून मला याहून मोठी पावती नको. शिक्षिका नसते, तर मी तिला हाक मारली असती.

म्हणून सांगते, की मी येणार नाही. चित्रात सांगितलंय की बाई घरी आहेत. मी मंगळवारी शाळेत उगवले तर तिच्या लेखी ते चित्र खोटं. मग बुधवारी ती मला शोधणार, गुरुवारी शोधणार, कपाटं उघडणार. मला यावंसं वाटेल. उद्या सकाळीच वाटेल, पाय आपोआप इकडे वळतील. तुमच्यापैकी कुणी प्रेमाने, आग्रहाने बोलावलं, तर मला नाही म्हणणं फार जड जाईल. तेव्हा कृपा करून बोलावू नका. या सुंदर प्रवासी बॅगेबद्दल सहकाऱ्यांचे आभार. ती सुट्टीच्या दिवसांत वापरीन.

आणि आता शेवटचं, चालकदादा आणि बसमधल्या मावशींसाठी. काल साहेबांच्या आईचा मला फोन आला होता. त्यांनी सांगितलं की शाळेची बस सकाळी माझ्याच रस्त्याने येते, आणि खालच्या सिग्नलला बहुतेक रोज थांबते. मला हे कधी कळलंच नाही, कारण त्या वेळी मी शाळेत असायचे. बसची खिडकी आणि माझी खिडकी जवळपास समोरासमोर येतात. आणि तपासणी केल्याशिवाय साहेब काही सोडत नाहीत, हे तुम्ही जाणताच. तेव्हा मावशी, माझी एक विनंती आहे. तिला हाताने दाखवू नका, ते बघ बाई म्हणून सांगू नका. तिला बघायचं असेल तर ती आपणहून बघेल. नसेल बघायचं तर तिला तिच्या टॅबमध्ये राहू द्या.

अध्यक्षसाहेब, मान्यवर पाहुणे, सहकारी, पालक, तुम्ही मला या शाळेत जो मान दिला, माझा तापट स्वभाव जो सांभाळून घेतला, त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. बोलता बोलता कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर ती म्हातारीची बडबड समजून सोडून द्या. जुनी सवय आहे, एकच गोष्ट तीनदा सांगायची, तिचीही माफी असावी.

उद्या सकाळी मी लवकर उठेन. टेबल खिडकीशीच असेल, खुर्ची तिथेच असेल, चहा केलेला असेल. बस सिग्नलला थांबेल तेव्हा मी तिथे बसलेली असेन. हात हलवणार नाही, कारण फोटोत मी हात हलवत नाही. सिग्नल सुटून बस निघून जाईपर्यंत बसून राहीन, उद्या आणि रोज. ती वर बघेलच असं नाही. पण बघितलंच, तर बाई घरी असायला हव्यात.

नमस्कार.